डाव्या बाजूची पायरी

माझे वडील, आबा, फौजेतून परत आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी लष्करी लिलावातली एक जुनी जीप घेतली. फौजेत बावीस वर्षं त्यांनी गाड्याच चालवल्या होत्या. गावात आल्यावर शेतीत त्यांचा जीव रमेना. खाचरातल्या चिखलात उभे असले तरी कान रस्त्याकडे असायचे, लांबून येणाऱ्या गाडीचं इंजिन कसं बोलतंय ते ऐकत.

आमचं गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. एसटी खालच्या फाट्यापर्यंत यायची, तिथून गावापर्यंत कच्चा रस्ता, आणि गावाच्याही वर एक वाडी होती. वाडीचा रस्ता म्हणजे नुसते दगड. त्या वाडीवर चढलेली पहिली गाडी आबांची. ज्या म्हाताऱ्यांनी उभ्या जन्मात आमच्या बौद्धवाड्यातलं पाणी घेतलं नव्हतं, ते आबांच्या शेजारी बसून बाजाराला जायला लागले. आबांना त्याचं काय वाटत होतं, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, "गाडीत बसला की माणूस सवारी. बाकीचं त्याचं त्यानं बघावं."

जीप दारात आली, पण आईला तिच्यात बसता येत नव्हतं. आदल्या पावसाळ्यात ती खाचराच्या बांधावरून पडली होती. खुब्याचं हाड सांधलं, पण वाकडं. उजवा पाय आखूड झाला आणि वीतभराच्या वर उचलेना. घरात, अंगणात ती भिंतीला हात लावत फिरायची; जीपची उंची मात्र तिच्या आवाक्यातली नव्हती. आबा तिला उचलून बसवायचे. एकदा मेढ्याच्या बाजारात त्यांनी तिला असं उचललं, तेव्हा भाजीवाल्या बायका हसल्या. "नव्या नवरीगत उचलतोय बघा!" कुणीतरी म्हणालं. त्यात वाईट हेतू नव्हता. पण पुढच्या बाजाराला आईनं पिशवी आबांच्या हातात दिली. "तुमीच आना. माझं काय अडलंय तिथं?"

मी तेव्हा साताऱ्यात एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. शनिवारी दुपारी शाळा सुटली की घरी यायचे. पिशवीची ही गोष्ट कळल्यावर मी आबांच्या मागे लागले, गाडीला पायरी बसवा म्हणून.

आबांच्या डोक्यात वेगळंच होतं. वाडीच्या रस्त्याला दगड पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध, चढायच्या जागेखाली घासायचे. तिथली पत्र्याची कड दोन्ही बाजूंनी चेपली होती. त्यांना तिथं जाड पाइप हवा होता, चासीला धरून घट्ट बसवलेला. दगड लागला तर पाइपाला लागेल आणि गाडी त्याच्यावरून घसरत पुढं जाईल. असे पाइप त्यांनी फौजेत डोंगरातल्या गाड्यांना बघितले होते.

"पायरी खाली लोंबती," ते मला म्हणाले. "वाडीच्या रस्त्याला लोंबतं काय चालत न्हाई."

"आणि आईनं काय करायचं?"

ते वाकून चेपलेली कड बघायला लागले. पुढच्या रविवारी मात्र ते म्हणाले, "चला, सांगलीला उस्तादाला दावू."

उस्ताद म्हणजे आबांचे फौजेतले दोस्त. ते वर्कशॉपला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगलीच्या बाहेर वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. उसाच्या ट्रॉल्या बनवायचे, जीपच्या बॉड्या बांधायचे. आम्ही तिघं पहाटे निघालो. आईला आबांनी अंगणातच उचलून बसवलं, तिथं बघायला कुणी नव्हतं. दुकानात पोचल्यावर ती उतरली नाही, गाडीतच बसून राहिली.

उस्ताद गाडीखाली पाठीवर सरकत गेले, बराच वेळ आत राहिले. बाहेर आल्यावर कपडे न झटकताच त्यांनी फरशीवर खडूनं गाडीची बाजू काढली.

"हे बग, गड्या. पायरी म्हणजे माणसाच्या पायासाठी. ती जमिनीजवळ पायजे, न्हाईतर तिचा उपेग न्हाई. पाइप म्हणजे गाडीच्या पोटासाठी. तो जितका वर, जितका आत, तितका चांगला. एक वस्तू दोन्ही कामं करनार न्हाई. पाइपावर पाय ठिऊन तू चढशील, ही पोरगी चढंल." मग आवाज उतरवून म्हणाले, "वैनींचा पाय तितका वर जायचा न्हाई."

आबा खडूच्या रेघांकडे बघत राहिले.

"रस्ता तुजा हाय," उस्ताद म्हणाले. "तूच ठरव."

मी मध्ये बोलले. "आई डावीकडं बसते. डावीकडं पायरी लावा आणि उजवीकडं पाइप. आबा, मोठे दगड तुम्ही उजव्या अंगानंच घेता ना? तुमच्या बाजूनं दिसतात म्हणून?"

हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. उस्तादांनी आबांकडे पाहिलं. आबांनी गाडीत बसलेल्या आईकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती, पण ऐकत होती. तिच्या मानेवरून ते कळत होतं.

"लाव," आबा म्हणाले.

दिवसभर काम चाललं. पायरी चांगली दीड हात लांब होती, दोन पट्ट्यांवर लोंबकळवलेली, वर पाय घसरू नये म्हणून खवल्यांचा पत्रा. उस्तादांनी स्वतः तिच्यावर उड्या मारून बघितल्या. मग आईला हात देऊन उतरवलं आणि म्हणाले, "वैनी, आता परत चढा बगू." एवढं बोलून ते पाठ फिरवून हत्यारं आवरायला लागले, आणि दुकानातल्या बाकीच्यांनाही त्यांनी काहीबाही कामाला लावलं. आईनं डावा पाय पायरीवर ठेवला, दांडीला धरलं, आणि दुसरा पाय ओढून घेतला. ती चढली. सीटवर बसून तिनं पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "जाताना कडेगाववरनं जाऊ."

कडेगावजवळ तिचं माहेर. पडल्यापासून ती तिकडे गेली नव्हती. दुतर्फा ऊस उभा होता. मामाच्या घरापुढं गाडी थांबली तसा मामा धावत आला, तिला धरायला हात पुढं केले. "बाजूला हो रं," आई म्हणाली, "मला येतंय." आणि ती उतरली. मामा तिथंच उभा राहून रडायला लागला. आई त्याला रागावली आणि पदरानं त्याचे डोळे पुसले.

त्यानंतरचे सात-आठ महिने चांगले गेले. आई दर बाजाराला मेढ्याला जायची. औंधला मावशी होती, तिच्याकडं दोनदा राहून आली. वाडीवर कुणाकडं बारसं असलं तर आबांबरोबर वर जायची. शनिवारी मी घरी आले की ती मला गावोगावच्या बातम्या सांगायची, आणि त्या ऐकताना मला वाटायचं, हे माझ्यामुळं झालं. मी खरोखर असं म्हणायचे मनात. त्याचा अभिमानच होता मला.

त्या वर्षी पाऊस लांबला. वाडीच्या खालच्या ओढ्यात एक मोठा काळा दगड रस्त्याच्या मधोमध होता. चढताना आणि उतरतानाही आबा त्याला डावीकडून वळसा घालायचे; म्हणजे दगड गाडीच्या उजव्या अंगाला, पाइपाकडं यायचा. त्या पावसात ओढ्याची उतरायची बाजू वाहून गेली. उतरताना दगडाच्या उजवीकडून तेवढी वाट राहिली, म्हणजे दगड पायरीच्या बाजूला. वर चढताना गाडी कशीतरी निघायची. उतरताना आबा सवाऱ्या खाली उतरवून, गाडी हलकी करून न्यायचे.

एका रविवारी सकाळी वाडीवरून माणूस पळत आला. तिथल्या एका घरातली सून आदल्या दिवसापासून अडली होती. एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण. सुईणीनं हात टेकले होते. आबांनी गाडी काढली. बाईमाणूस बरोबर असावं म्हणून मी गेले.

तिला मागच्या बाजूला गोधडीवर निजवलं. डोकं माझ्या मांडीवर, पायाशी सासू. नवरा आणि दीर गाडीमागून चालत निघाले. पोरगी ओरडत नव्हती. कळ आली की दात आवळायची आणि वरच्या ताडपत्रीकडे बघत राहायची. मी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होते, "होईल सगळं नीट. पोचलोच आपण."

ओढ्यात आल्यावर तिला उतरवणं शक्य नव्हतं. आबा खाली उतरले, दगड बघितला, परत येऊन बसले आणि छोट्या गिअरमध्ये गाडी सोडली. पुढचं चाक उतरलं. मग खालून करकर आवाज झाला आणि गाडी डावीकडं बसली. पायरीची मागची पट्टी दगडावर टेकली होती आणि गाडीचं सगळं वजन तिच्यावर आलं होतं. मागचं चाक हवेत फिरत होतं.

आबांनी पुढं-मागं करून बघितलं. पायरी वाकून दगडाच्या खाचेत घुसली, अजूनच अडकली. जॅक लावला तर तो ओढ्याच्या गाळात खचायला लागला. नवऱ्यानं आणि दिरानं खाली चपटे दगड आणून घातले. पहारीनं, चाक खोलायच्या टॉमीनं, हातानं, सगळ्यांनी जोर लावला. किती वेळ गेला, मी बघितलं नाही. तास तरी गेला असेल. आबा गुडघाभर पाण्यात उभे राहून पहार मारत होते. प्रत्येक घावाला गाडी हादरायची आणि पोरीचं डोकं माझ्या मांडीवर हलायचं. मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

शेवटी पट्टी तुटली आणि गाडी सुटली.

मेढ्याच्या दवाखान्यात दुपारी ती बाळंत झाली. मुलगी झाली होती, पण जिवंत नव्हती. पोरगी वाचली. दारात उभ्या असलेल्या नर्सबाई हळहळून म्हणाल्या, "जरा आधी आणलं असतं तर…" आणि वाक्य पुरं न करता आत गेल्या. त्यांनी ते कुणाला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. पण मी तिथं होते, आबा तिथं होते, दोघांनीही ते ऐकलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा आबांनीच सगळं सांगितलं, ओढ्याचं आणि नर्सबाईंच्या बोलण्याचंही. ते का सांगितलंत म्हणून मला त्यांचा राग आला होता. पण त्यांना कधी लपवता यायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला गेले नाही. सकाळी आबा करवत घेऊन गाडीशेजारी बसले आणि पायरीचा उरलेला भाग कापायला लागले. आई उंबऱ्यात उभी होती.

"काढताय ते बरं करताय," ती म्हणाली आणि आत गेली.

महिन्याभरानं आबा आणि मी पुन्हा सांगलीला गेलो. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. 'मी सांगितलं होतं' असं काही ते म्हणाले नाहीत. डाव्या बाजूलाही पाइप बसवला. मग आपणहून त्यांनी एक लहान पायरी बनवली, बिजागरीवर घडी होणारी. माणूस चढला की वर उचलायची आणि खिट्टी घालायची. दगडाला लागायचा प्रश्न नाही. "हे मला आदीच सुचाया पायजे व्हतं," असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आबा उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर मी आईला ती पायरी दाखवली. उघडून, मिटून दाखवली. तिनं लक्ष देऊन बघितलं.

"चांगली केलीया."

"मग चल की. बाजाराला जाऊन येऊ."

"मला कुटं जायाचंच न्हाई."

मला वाटलं, चार दिवसांनी निवळेल. निवळलं नाही. दिवाळीत मामानं बोलावलं, ती गेली नाही. आबा गाडी दारात आणून उभी करायचे, पायरी उघडून ठेवायचे, थोडा वेळ थांबायचे आणि पायरी मिटून निघून जायचे. रोज सकाळी सवाऱ्या घ्यायच्या आधी ते पहार आणि घण घेऊन ओढ्यात जायला लागले. तो काळा दगड त्यांनी फोडला. त्याला सगळा हिवाळा लागला. लोक म्हणाले, सुरुंग लावू, दोन तासांत होईल. आबांनी ऐकलं नाही.

एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि आई अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. मी पुन्हा औंधचा विषय काढला. मावशी आजारी होती, सारखी आठवण काढत होती.

आई सुपावरून नजर न काढता म्हणाली, "माझ्या एका पायापायी त्या पोरीचं लेकरू गेलं. आता तोच पाय घिऊन मी मिरवत हिंडू?"

"आई, पायरी मी लावायला लावली. तू कुठं मागितली होतीस?"

"तू कुणासाठी लावलीस?"

आजही मी त्याचं उत्तर शोधते. तेव्हा मी फक्त म्हणाले, "मग माझाच दोष आहे." ती म्हणाली, "असं बोलू नको," आणि सूप घेऊन उठली.

मावशी त्याच पावसाळ्यात गेली. निरोप आला तेव्हा आबांनी गाडी काढली. आई दारापर्यंत आली, गाडीजवळ उभी राहिली, एक हात दांडीवर ठेवला. मग तो काढून घेतला. "तुमी जावा," ती म्हणाली. "म्हनावं, पाय दुखत व्हता." आबा एकटे गेले. ती दिवसभर घरामागच्या दगडावर बसून होती. रडताना मी तिला पाहिलं नाही.

असं चार वर्षं चाललं. वाडीवरची ती पोरगी कधीतरी रस्त्यानं जाताना दिसायची. मान खाली घालून भरभर निघून जायची. आम्हालाही तिला हाक मारायचं धैर्य नव्हतं. पुढं तिला मुलगा झाल्याचं कळलं. आईनं आबांबरोबर बाळंतविडा पाठवला. खूप दिवस राबून तिनं त्यात एक दुपटं शिवलं होतं.

आई एका हिवाळ्यात गेली. चार दिवस ताप होता, मग छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात न्यायला आबांनी तिला उचलून गाडीत बसवलं. फाट्याच्या अलीकडेच ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळा गाव आला, वाडीही आली. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मी मागच्या दारी भांडी विसळत होते, तेव्हा वाडीवरची ती आली. आता ती पोरगी राहिली नव्हती, भरल्या अंगाची बाई झाली होती. माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि एक पातेलं ओढून घासायला लागली. मी नको म्हटलं, तरी घासत राहिली.

"ताई, काकींना सांगायला यायचं व्हतं मला," ती म्हणाली. "लय येळा निगाले. तुमच्या दारापतुर यून मागं फिरले."

"काय सांगायचं होतं?"

तिचा हात थांबला. "पोटातली पोर आदल्या सांजंपास्नं हालत न्हवती. मला कळलं व्हतं. सासूला म्हणले, तर ती म्हणली, पहिल्या येळंला असंच असतंय, गप ऱ्हा. दुसऱ्या दिशी तुमी गाडी घिऊन आला तवा समदं आदीच झालं व्हतं. दगडानं काय केलं न्हाई, ताई. गाडीनं काय केलं न्हाई."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"दवाखान्यात का नाही बोललीस?"

"सासू उशाशी बसली व्हती. मग घरी आल्यावर तिनं शप्पत घातली. म्हणली, आपल्यावर कशाला घ्यायचं, गाडीमुळं झालं आसंच लोक म्हणत्यात." ती रडायला लागली. "गेल्या साली सासू गेली. तवा यायला पायजे व्हतं. धीर झाला न्हाई. ताई, तुमी मला गाडीत हळूच कानात विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुमी निस्तं म्हणत व्हता, नीट हुईल, नीट हुईल."

तिला जवळ घ्यायला हवं होतं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, मेलेलं मूल पोटात घेऊन माझ्या मांडीवर निजली होती, आणि तिचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. हे सगळं मला आज कळतं. त्या क्षणी मला फक्त आई दिसत होती, दांडीवरचा हात काढून घेणारी.

"माझ्यावर राग धरला न्हाई न्हवं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "तू जा आता." ती हात पुसून उठली. मी तिला साधा चहाही विचारला नाही.

आबांना सांगायला मला दोन दिवस लागले. सांगू की नको, हेच ठरेना. शेवटी संध्याकाळी ते अंगणात बसले होते, तेव्हा सांगून टाकलं, ती जे जे म्हणाली ते सगळं.

"आदल्या सांजंपास्नं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंजी आमी निगालो त्याच्या आदी."

"हो, आबा."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. उलट त्यांचा चेहरा पडला. "तुज्या आयला हे कळाया पायजे व्हतं गं," ते म्हणाले, आणि रडायला लागले. आई गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाडीवर गेले. गाडी न घेता, चालत. तिच्या घरी गेले होते, एवढं मला नंतर गावातून कळलं. काय बोलले, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उन्हं चढल्यावर ते खाली आले, पडवीत टेकले. मी पाण्याचा तांब्या आणून दिला.

"तू तिला काय बोललीस?" त्यांनी विचारलं.

"जा म्हणाले."

ते पाणी प्यायले. "एकदा जाऊन ये," एवढंच म्हणाले. मी जाते म्हटलं. सोमवारी शाळा होती, मी साताऱ्याला परतले. मग परीक्षा आल्या, मग माझं लग्न ठरलं. उन्हाळ्यात मी गावी गेले, तेव्हा ती माणसं वाडी सोडून कुठंतरी कामाला गेली होती. घराला कुलूप होतं.